पास झालेली ट्रायल

आमच्या पॅकहाऊसमध्ये बसून करायचं काम एकच होतं. बाकी सगळ्या बायका उभ्या. लांबलचक टेबलांच्या दोन्ही बाजूंना उभं राहून, बारीक कात्रीने द्राक्षाच्या घडातले खराब मणी काढायचे आणि घड डब्यात भरायचे. क्रेट जिथून आत येतात तिथे, वजनकाट्याच्या शेजारी, मात्र एक स्टूल असायचं आणि त्यावर आमची नोंदवाली बसायची. ‘नोंदवाली’ हा शब्द कंपनीच्या कुठल्याच यादीत नव्हता. यादीत ती हंगामी कामगारच. पण आलेल्या प्रत्येक गाडीचा शेतकरी, प्लॉट, क्रेट, वजन, साखर आणि वेळ हे सगळं तिच्या हातून रजिस्टरात उतरल्याशिवाय एक घडही पुढे सरकत नसे.

ती दिंडोरीकडच्या एका गावातून टेम्पोने यायची. तिशीची असेल. लहानपणी बैलगाडीवरून पडली तेव्हापासून डावा पाय अधू. अर्धा तास सलग उभी राहिली की पाय सुजायचा. लाईनवर आठ तास उभं राहणं तिच्याच्याने होणारच नव्हतं. म्हणजे नोंदीची जागा गेली की ती गेली. हे तिला ठाऊक होतं, लाईनवरच्या प्रत्येकीला ठाऊक होतं, आणि मी तिथली इनचार्ज, मला तर पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

माझ्या नाकावर राग असतो असं घरचे म्हणतात. खरं आहे. हे लिहितानाही तो आहे, तेव्हा आधीच सांगून ठेवते.

नोंद म्हणजे नुसतं लिहिणं असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा काट्यावर येऊन उभं राहावं. आमच्याकडे एकेका शेतकऱ्याचे तीन-चार प्लॉट असतात. प्रत्येक प्लॉटचा नंबर वेगळा, कारण फवारणीच्या औषधाचा अंश किती राहिला याची तपासणी प्लॉटवार होते. एका प्लॉटचा माल दुसऱ्याच्या नावाने गेला आणि तिकडे परदेशात सापडला, तर अख्खा कंटेनर अडकतो. आता नंबर असतात कागदावर. ड्रायव्हरच्या तोंडी असतं ‘नाल्याकडचा’, ‘विहिरीमागचा’, ‘वरचा’. सकाळच्या घाईत चिठ्ठ्यांची अदलाबदल होते. ही बाई चिठ्ठी वाचायची, क्रेटमधल्या घडाकडे बघायची आणि ड्रायव्हरला म्हणायची, “ह्यो नाल्याकडचा नाय. नाल्याकडचा काल दुपारीच संपला. लाव मालकाला फोन.” ड्रायव्हर कुरकुरत फोन लावायचा, आणि ती बरोबर निघायची.

गेल्या हंगामात, फेब्रुवारीत, मला गंगापूर रोडच्या ऑफिसातून निरोप आला. नवीन सॉफ्टवेअर निवडण्यासाठी समिती नेमली आहे आणि त्यात मी ‘प्रत्यक्ष वापरकर्त्यांची प्रतिनिधी’ आहे. फेब्रुवारी! ज्या महिन्यात आम्हाला डोकं खाजवायला फुरसत नसते आणि गेटबाहेर गाड्यांची रांग पार रस्त्यापर्यंत जाते, त्या महिन्यात मी टोपी आणि स्वेटर उतरवून, शहरात येऊन, चार दुपारी एसीत बसले. समितीत आणखी तिघे होते. धाकटे मालक, खरेदीचे प्रमुख आणि पुण्याहून दर गुरुवारी येणारे आयटीचे सल्लागार. तिघांपैकी एकानेही कधी हातमोजा घालून द्राक्षाला हात लावलेला नव्हता. उंटावरून शेळ्या हाकणं मी ऐकून होते, इथे तर उंटालाही एसी होता.

तीन कंपन्या आपापला माल दाखवून गेल्या. गुण देण्यासाठी सल्लागारांनी तक्ता केला होता. सुरक्षितता, अहवाल, सेवा असे बरेच रकाने, आणि सगळ्यात शेवटी ‘वापरण्यास सोपे’. त्या शेवटच्या रकान्याला सगळ्यात कमी गुण. मी विचारलं, असं का? “ते काय मॅडम, ट्रेनिंगने येतं,” सल्लागार म्हणाले. आणि ‘वापरण्यास सोपे’ आहे की नाही याचे गुण देणार कोण, तर जे आयुष्यात ते वापरणार नाहीत असे तीन पुरुष आणि एक मी.

दुसऱ्या कंपनीच्या माणसाने तर कमालच केली. येताना बाजारातून द्राक्षांचा घड घेऊन आला, बशीत ठेवला, टॅबने त्याचा फोटो काढला, आणि टॅबवर हिरव्या अक्षरांत आलं की माल निर्यातीच्या दर्जाचा आहे. बियांची काळी द्राक्षं होती ती! आमच्या गेटवर आली असती तर वॉचमननेच खाऊन संपवली असती. पण खोलीत कौतुकाची कुजबुज झाली, आणि तो माणूस गेल्यावर खरेदी प्रमुखांनी घड संपवला. मी तोंड उघडलं तर धाकटे मालक हसून म्हणाले, “मॅडम, तुम्ही बारीकसारीक फार बघता.” अहो, वीस वर्षं मला पगार बारीकसारीक बघण्याचाच मिळतोय.

याच कंपनीला मी हातमोज्यांचं विचारलं होतं. आमचा हॉल थंड ठेवलेला असतो, म्हणून बायका आतून सुती आणि वरून प्लास्टिकचे हातमोजे घालतात. ते काढले तर माल नाकारला जातो, इतका तो नियम कडक. “हातमोजे घालून हा टॅब चालतो का?” मी विचारलं. “चालतो ना, मॅडम. त्याचं वेगळं सेटिंग आहे.” “दाखवा.” “आत्ता हातमोजे नाहीत.” माझ्या पर्समध्ये होते. मी काढून टेबलावर ठेवले. त्याने घातले, बोट आपटलं, घासलं, दाबलं. पडदा ढिम्म हलला नाही. तो हसला आणि म्हणाला की हा दाखवायचा टॅब आहे, खऱ्याचं वेगळं असतं. सल्लागार म्हणाले, “मुद्दा नोंदवून घ्या.” बैठकीचा वृत्तांत आला तेव्हा त्यात एवढंच होतं, ‘हातमोज्यांबाबत चर्चा झाली.’ मी ते वाक्य वाचून फोन टेबलावर आपटला.

निवड त्याच कंपनीची झाली. शेवटच्या बैठकीत त्यांनी फायद्यांचं पान दाखवलं. त्यात तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं, ‘नोंदणी कर्मचारी: गरज नाही.’ मी म्हटलं, “ती जागा एका बाईची आहे, आणि तिला दुसरं काम करता येणार नाही.” धाकटे मालक म्हणाले, ते नंतर बघू. आधी आपण पाच दिवसांची ट्रायल घेऊ. रोज आलेल्या प्रत्येक गाडीची नोंद त्याच दिवशी टॅबमध्ये दिसली पाहिजे. एक जरी गाडी राहिली तरी ट्रायल नापास. “पण हे जागेचं वगैरे खाली बोलू नका,” ते म्हणाले. “लोक घाबरतात. ट्रायल नैसर्गिक व्हायला हवी.”

मी मूग गिळून बसले. एरवी कोणाला न घाबरणारी मी का गप्प बसले, ते खरं सांगते. मालकांची भीती नव्हती. ती ट्रायल पास होणं शक्यच नाही अशी माझी खात्री होती. हातमोज्याने पडदा हलत नाही, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं. पहिल्याच दिवशी निम्म्या गाड्या राहतील, टॅब परत जाईल आणि सुंठीवाचून खोकला जाईल. मग त्या बाईच्या जिवाला आधीच घोर कशाला लावायचा? मला तेव्हा हा विचार फार शहाणपणाचा वाटला होता.

ट्रायलच्या आदल्या दिवशी मी सगळ्यांना टेबलाजवळ बोलावलं आणि सांगितलं की उद्यापासून पाहुणे येणार आहेत, नवीन मशीन बघायचंय, त्यांना सहकार्य करा. आणि बोलता बोलता तोंडातून निघून गेलं, “माझी लाज राखा गं.”

ते वाक्य माझ्या सवयीचं आहे. आमच्याकडे हंगामात दोन-तीनदा तपासणीला लोक येतात, कधी परदेशी खरेदीदाराचे, कधी प्रमाणपत्रवाले. त्याला सगळ्याजणी ‘ऑडिट’ म्हणतात. ऑडिट म्हटलं की हॉलमध्ये लग्नघराची धांदल. नखं कापायची, बांगड्या उतरवायच्या, कात्र्या मोजून दोरीने बांधायच्या, नवीन टोप्या काढायच्या. एखादीला नियम आठवत नसेल तर शेजारची तिच्याकडून पाठ करून घेणार. हातात पॅड घेतलेला परका माणूस दारात दिसला की काय करायचं, हे मी या बायकांना वर्षानुवर्षं शिकवलंय. काही करून पास व्हायचं. आणि प्रत्येक वेळी शेवटी मी हेच म्हणते, माझी लाज राखा.

पहिल्या दिवशी सकाळी मी काट्याशी उभी होते. कंपनीचा ट्रेनर गळ्यात ओळखपत्र घालून आला होता. नोंदवालीच्या मांडीवर टॅब. पहिली गाडी आली. तिने हातमोज्याच्या बोटाने पडद्याला हात लावला, काही नाही. पुन्हा लावला, काही नाही. ट्रेनरने पडदा पुसला, सेटिंग बदललं, टॅब बंद करून चालू केला. तोवर मागे तीन गाड्या लागल्या. मी आतून खूश झाले. तेवढ्यात कंटेनर लागल्याचा फोन आला आणि मी मागच्या बाजूला, शीतगृहाकडे गेले. तिथे भरणीचा असा काही गोंधळ होता की पुढचे चार दिवस माझा बहुतेक वेळ तिथेच गेला.

पहिल्या संध्याकाळी ऑफिसातून संदेश आला की आजच्या सगळ्या गाड्या टॅबमध्ये आहेत. मला वाटलं, पहिल्या दिवशी ट्रेनरने स्वतः केलं असेल. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी धाकट्या मालकांनी अंगठा पाठवला. मी चक्रावले. काट्याजवळून जाताना बघायचे तर नोंदवाली टॅब मांडीवर घेऊन बसलेली, गाड्या पुढे सरकताहेत, सगळं सुरळीत. मी विचारलं, “चालतंय का गं?” ती हसून म्हणायची, “चालतंय, मॅडम. तुम्ही तिकडं बघा.”

पाचव्या दिवशी चहाच्या सुट्टीत मी बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीत गेले आणि दारातच थांबले. नोंदवाली बाकावर बसली होती. हातमोजे काढून शेजारी ठेवलेले, मांडीवर टॅब. समोर खोक्यांच्या पुठ्ठ्याचे तुकडे पसरलेले, त्यांवर पेन्सिलने लिहिलेले आकडे. लाईनवरच्या दोघीजणी एकेक तुकडा उचलून मोठ्याने वाचत होत्या आणि ती भराभर बोटाने टॅबमध्ये टाकत होती. चहाचे तीन कप तसेच, साय धरलेले. कोपऱ्यात ट्रेनर उभा. त्यानेच भिंतीला चार्जर लावून दिला होता.

“हे काय चाललंय?” मी म्हणाले.

“हॉलमंदी हातमोज्यानं चालत नाय ना ते,” नोंदवाली म्हणाली. “रजिस्टर तर ट्रायलपुरतं बंद ठिवलंय, म्हनून पुठ्ठ्यावर लिवते आन चहाला, जेवायला हितं बसून टाकते. पाच दिवसांत एक बी गाडी सोडली नाय, मॅडम. हाताला येग आलाय आता.” तिचा चेहरा फुलला होता. “ऑडिट पास झालं ना आपलं?”

मी ट्रेनरकडे वळले. “तुम्ही हे ऑफिसला कळवलंत?” तो म्हणाला, “मॅडम, नोंद झाल्याशी मतलब. कुठे बसून केली, ते अहवालात विचारलेलं नाही.” त्याला मी जे बोलले ते इथे लिहीत नाही.

तशीच गाडी काढून मी ऑफिसात गेले. ट्रायलचा शेवटचा दिवस म्हणून समिती जमलेलीच होती, समोर कचोरी होती. मी सगळं सांगितलं. हॉलमध्ये टॅब एक मिनिटही चालला नाही, तुमच्या सगळ्या नोंदी पुठ्ठ्यावर झाल्या, तिघी बायकांनी पाच दिवस चहा-जेवण सोडून त्या टॅबमध्ये चढवल्या, आणि मुख्य म्हणजे जिची जागा काढायची म्हणता तिनेच तुमची ट्रायल पास करून दिलीय. मला वाटलं, आता तरी यांचे डोळे उघडतील. सल्लागारांनी मान डोलावली. “म्हणजे सिस्टिम उत्तम आहे,” ते म्हणाले. “फक्त कामाची पद्धत थोडी बदलायची. सुट्टीच्या वेळात नोंद करायची. हे तर आपल्या लोकांनी स्वतःहून शोधून काढलं!” धाकटे मालक म्हणाले, “बघा, आणि तुम्ही म्हणत होता खाली जमणार नाही.” म्हणजे हात दाखवून अवलक्षण झालं. ‘वापरण्यास सोपे’ या रकान्यात पूर्ण गुण पडले. मी सही करताना शेजारी लिहिलं, ‘हातमोजे घालून चालत नाही.’ अंतिम अहवालात ते ‘किरकोळ सूचना’ या नावाखाली शेवटच्या पानावर गेलं.

तो टॅब आजही हातमोज्याला दाद देत नाही. या हंगामात लाईनवरच्या दोघी आळीपाळीने चहा सोडून आकडे टाकतात. टॅब यादीतला पहिला प्लॉट आपोआप धरतो, आणि हा नाल्याकडचा नाही असं ड्रायव्हरला तोंडावर सांगणारं तिथे कोणी नाही. दोनदा माल चुकीच्या प्लॉटवर चढला, दोन्ही वेळा नशिबाने भरणीच्या आधी माझ्या लक्षात आलं. मी लेखी कळवलं. उत्तर आलं की प्रशिक्षण वाढवा. त्या उत्तराने मी दोन दिवस धुमसत होते. पण खरं सांगायचं तर मला स्वतःवर जेवढा राग आहे तेवढा त्या समितीवर नाही.

गेल्या हंगामाच्या शेवटच्या दिवशी आम्ही नेहमीप्रमाणे वजनकाट्याला हार घातला, नारळ फोडला, सगळ्यांचं एकत्र जेवण झालं. बायका पिशव्या आवरत होत्या. नोंदवाली स्टुलावर बसून डबा बांधत होती. पुढच्या हंगामाच्या यादीत तिचं नाव नाही हे मला आठवड्यापूर्वीच कळलं होतं. मी मालकांकडे दोनदा जाऊन आले होते, उपयोग झाला नव्हता. दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं म्हणून मी तिच्याजवळ गेले.

“पुढच्या हंगामात नोंदीची जागा राहणार नाही,” मी म्हणाले. “टॅबवरच करायचं ठरलंय.”

तिने डब्याची गाठ मारली. “ट्रायल पास झाली म्हनून?”

“हो.”

“नापास झाली असती तर राहिली असती?”

“हो.”

“आन ह्ये तुम्हाला आधी ठाव व्हतं?”

“होतं. मालकांनी सांगू नका म्हटलं होतं.”

“मालकांचं ऱ्हाऊ द्या,” ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. “ते मला वळखत बी नाय. तुम्ही का नाय सांगितलं?”

“मला वाटलं, ते जमणारच नाही. आपोआप नापास होईल. मग तुला उगाच कशाला घाबरवायचं.”

तिने डबा पिशवीत ठेवला. “कोनाला जमनार नाय? टॅबला का मला?”

टॅबला, असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं. पण तो टॅब पाच दिवस तिच्याच हातात होता. तो नापास व्हायचा तर तिच्या हातून व्हायला हवा होता, आणि त्या शेवटच्या बैठकीपासून मी तेच धरून चालले होते. समितीत मी तिच्या बाजूने भांडले, पण तिला काय जमेल हे मी तिला विचारलं नाही.

“तुला,” मी म्हणाले.

बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. ती स्टुलाला धरून उठली, पिशवी खांद्याला लावली.

“मला जमतं, मॅडम,” ती म्हणाली. “नापास व्हायला बी जमलं असतं. तुम्ही सांगायचं तरी.”

टेम्पोतल्या बायकांनी तिला हात देऊन वर घेतलं. टेम्पो गेटबाहेर पडेपर्यंत मी तिथेच उभी होते.